कडावच्या पूजेतली शेळी

दहिवलीच्या भालचंद्र ओकगुरुजींचा आवाज हरतालिकेच्या दिवशी सकाळी गेला, आणि ही वार्ता सर्वांत शेवटी त्यांनाच कळली. त्या वेळी गुरुजी ओसरीवरच्या आरामखुर्चीत पाय लांब करून बसले होते आणि चहात आले कमी पडल्याचे स्वयंपाकघरातल्या विनिताबाईंना खणखणीत स्वरात सांगत होते.

हर्षला फाटकातूनच ओरडत आली. "गुरुजी, तुमचा आवाज गेला हो!"

गुरुजी म्हणाले, "मला तर तो ऐकू येतो आहे. विनिता, तुला येतो का गं?"

"पलीकडच्या आळीलाही येतो," आतून उत्तर आले.

"इथला नाही हो, व्हिडिओतला! कडावचा व्हिडिओ मुका झालाय."

हर्षला ही गुरुजींची शेजारीण. बाजारपेठेत तिचे मोबाइल दुरुस्तीचे छोटेसे दुकान होते. हातातला भ्रमणध्वनी तिने गुरुजींच्या पुढे धरला. पडद्यावर गुरुजी होते, त्यांचे ओठ हलत होते, हात अक्षता उधळत होते. आणि सर्वत्र स्मशानशांतता होती.

आता हा व्हिडिओ काय होता, ते सांगितले पाहिजे. कडावातल्या चाळीसेक घरांच्या गणपतीची पूजा ओकांकडे वडिलांच्या काळापासून चालत आलेली. चतुर्थीच्या पहाटे गुरुजी कडावात शिरत आणि माध्यान्ह टळण्यापूर्वी शेवटच्या घराची प्राणप्रतिष्ठा उरकून बाहेर पडत. इतक्या घाईत त्यांची स्वतःची एक पद्धत तयार झाली होती. मंत्र आणि सूचना ते एकाच श्वासात, एकाच सुरात म्हणत. आवाहन चालू असताना मध्येच "पंखा बंद करावा, वात फडफडते आहे" असे येई आणि पुढचा मंत्र लगेच सुरू होई. लहानथोर सर्वांना ते अहो-जाहो करीत, त्यामुळे आज्ञा देवाला चालली आहे की यजमानाला, हे नवख्याला उमगत नसे. कडावकर मात्र तयारीचे होते. मांजर बाहेर काढा म्हटले की मांजर बाहेर जाई. एका वर्षी बुधाजींच्या घरी गुरुजींनी वाटेत येणारी बाज भिंतीला लावायला सांगितली, ती बाज तेव्हापासून तिथून हललेली नाही.

यंदा उन्हाळ्यात पनवेलला गुरुजींच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाली आणि डॉक्टरांनी मांडी घालण्याला व धावपळीला साफ मनाई केली. चतुर्थीच्या सकाळी रिकामा असलेला दुसरा पुरोहित मिळणे म्हणजे त्या दिवशी बाजारात स्वस्त नारळ मिळण्याइतके दुर्घट. तेव्हा बुधाजींच्या नातवाने, स्वराजने, गेल्या वर्षी घरची पूजा भ्रमणध्वनीवर टिपून ठेवली होती ती उपयोगाला आली. हर्षलाने ती महाजालावर चढवली, तिचा दुवा कडावच्या घराघरात पोचवला, आणि गुरुजींनी सर्वांना शब्द दिला: मी येत नाही, पण माझा आवाज येईल, एकाही घरचा बाप्पा मंत्रावाचून बसणार नाही.

"कारण काय दिले आहे?" गुरुजींनी विचारले.

हर्षलाने वाचून दाखवले. चित्रफितीत दुसऱ्याच्या मालकीचे गाणे आढळल्यामुळे तेवढ्या भागाचा ध्वनी बंद करण्यात आला आहे, असा तो मजकूर होता. गाणे खरोखरच होते. बुधाजींच्या दारासमोर मंडळाचा मंडप, आणि त्या मंडपातला कर्णा पूजाभर एक नवे नाचाचे गाणे वाजवत होता.

"किती भाग मुका आहे?"

"प्राणप्रतिष्ठेपासून नैवेद्यापर्यंत."

"म्हणजे देवाला आणून बसवायचे, आणि प्राण घालायच्या वेळी पुरोहिताने मौन धरायचे!" गुरुजींना हसू आवरेना.

"हसताय काय गुरुजी? उद्या चतुर्थी!" हर्षला हरतालिकेच्या उपवासाने आधीच जेरीला आली होती. "उपाय हाय म्हणा. लोकं काय करतात, वेग थोडा वाढवतात. मग यंत्राला गाणं ओळखू येत नाही." तिने आपल्याकडच्या मूळ फितीचा वेग वाढवून दाखवला. गुरुजींचे पुरुषसूक्त कुत्रे मागे लागलेल्या कोंबडीसारखे फडफडत निघाले. आतून विनिताबाई पळी हातात घेऊन बाहेर आल्या, कोण आले म्हणून पाहायला.

"नको," गुरुजी म्हणाले.

"मग सोपं. मूळ फाईल माझ्याकडं हाय. एका फोनवरून दुसऱ्या फोनवर पाठवते. ते कुणी तपासत नाही. कुणाला पत्तासुद्धा लागायचा नाही."

गुरुजींनी उपरणे नीट केले. "हर्षला, ते गाणे कुणीतरी रचले असेल. कुणी गायले, कुणी ढोलकी धरली. त्यांना आपण विचारले होते का?"

"अहो, आपण कुठं मुद्दाम घातलं?"

"घातले नाही. परंतु आता कळले ना! शेजारच्या अंगणातली जास्वंद मी जन्मात न विचारता तोडलेली नाही. परक्याचे फूल पूजेत नको, तर परक्याचे गाणे कसे चालेल? नियम करणाराला माझी पूजा ठाऊक नसेल, पण त्याचा नियम काही वावगा नाही."

तेवढ्यात बुधाजींचा फोन आला. कडावात बातमी पोचली होती. बुधाजी सत्तरी ओलांडलेले, भाताचे शेतकरी, आणि फोनवर बोलताना समोरचा नदीच्या पल्याड उभा आहे असे समजून बोलणारे.

"गुरुजी! तुमी मुके झालात म्हनं!"

"अजून नाही, बुधाजीराव."

"मग उद्या आमचं काय? अवो ते गानं तर अख्ख्या तालुक्यात वाजतंय, त्याला कोन विचारतंय? पाठवा तसंच!"

"तसे पाठवणार नाही. नव्याने म्हणून पाठवतो. संध्याकाळपर्यंत तुमच्याकडे पोचेल."

"पोचंल नं नक्की? आवो, आमच्या घरात संकल्पसुद्धा कुनाला धड येत नाय. आमी नुसते तुमी म्हनाल तसं करतो."

"म्हणून तर," गुरुजी म्हणाले, आणि फोन ठेवल्यावर त्यांना प्रथमच थोडी काळजी वाटली. शब्द दिलेला होता आणि दिवस डोक्यावर आला होता.

नवे ध्वनिमुद्रण करायचे म्हणजे फक्त शांतता हवी होती. आणि गणेशचतुर्थीच्या आदल्या दिवशी दहिवलीत नेमकी तीच मिळत नव्हती. हर्षलाने दारे-खिडक्या लावून घेतल्या. गुरुजींनी आचमनाला सुरुवात केली, आणि गल्लीच्या तोंडाशी मंडळाच्या कर्ण्याने "हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग" म्हणून त्यात भर घातली. पाठोपाठ गाणे लागले. गेल्या वर्षीचेच.

"घ्या! मालक इथंपण आले," हर्षला म्हणाली.

अंगणात हसण्याचा आवाज आला. पत्रीची पाटी उतरवून चिंधी पायरीवर बसली होती. डोंगरातल्या ठाकरवाडीची ही बाई दर हरतालिकेला पत्री, दूर्वा आणि तेरड्याची फुले घेऊन कर्जतच्या बाजारात येई आणि पहिला वाटा गुरुजींच्या दारी टाकी.

"कोनाशी भांडता गुरुजी? त्यो भोंगा काय ऐकनार हाय?"

"चिंधीबाई, थोडी शांतता हवी आहे हो. कुठे मिळेल?"

"इथं? दहा दिस तरी नाय. पळसदरीला तळ्यावर जाऊन बघा. मला तिकडंच जायाचं हाय, गाडीत जागा द्या म्हंजे झालं."

असे तिघे रिक्षाने निघाले. विनिताबाईंनी गुरुजींना बसायला पाट, टेकायला उशी, आणि देवघरातली सुपारी व तांदूळ बांधून दिले. कारण समोर काही नसले की गुरुजींचा हात अडखळे आणि हात अडखळला की मंत्रही अडखळे.

पळसदरीच्या धरणावर ओले गवत, निवळ पाणी, समोर ढगात बुडालेला घाट. स्थान असे की ऋषींनीही तपाला बसावे. बसले होते मात्र मुंबईचे आठ-दहा तरुण, मोटारीची चारही दारे उघडी टाकून, आणि आतल्या ध्वनिक्षेपकाने धरणाच्या भिंतीलाही ठेका धरायला लावला होता. हर्षला विनंती करायला गेली. मुले सज्जन होती. त्यांनी तत्काळ गाणे बंद केले, गुरुजींना नमस्कार केला, केळी दिली, आणि पूजा ऐकायला भोवती बसली. गुरुजी संकल्पापर्यंत पोचले, तेव्हा त्यांतल्या एकाचा फोन वाजला. त्याच्या फोनची घंटी म्हणजे चित्रपटातले गाणे होते. तो बंद केला तर दुसऱ्याचा वाजला.

"झालं," हर्षला म्हणाली. "आता दोन मालक झाले."

"वर चला," चिंधी म्हणाली. "आमच्या वाडीला. सिमीटचा रस्ता झालाय आता, रिक्षा दारात जाते."

"वाडीत कुणाकडे फोन नाहीत?"

"सगळ्यांकडं हायत की! पन रेंज नाय. वाजतील कसे?"

ही वाडी खालापूरच्या हद्दीला लागून, डोंगराच्या पोटात होती. चिंधीचा नवरा नवशा कुडाच्या भिंतीला शेण लावत होता, तो हात धुऊन पुढे आला. गुरुजी आपल्या दारात आलेले पाहून त्याला आनंद झाला, पण तो दाखवण्याची त्याची रीत निराळी.

"पत्री आमची न्यायची, आन आता आवाज पन आमचाच लागला का गुरुजी?"

"आवाज माझा, नवशाराव. निवांतपणा तुमचा."

"त्यो न्या किती बी. त्याला गिऱ्हाईक नाय."

पडवीत पाट मांडला, त्यावर उशी, उशीवर गुरुजी पाय लांब करून. समोर केळीच्या पानावर तांदळात सुपारी, शेजारी दूर्वांची जुडी आणि पत्रीचा ढीग. हर्षलाने खांबाजवळ फोन ठेवला आणि बोट वर केले. पोरे ओळीने गप्प बसली. भुरभुर पाऊस नुकताच थांबला होता, पागोळ्या गळत होत्या. गुरुजींनी डोळे मिटले आणि त्यांचा तो कडावच्या घराघरातून फिरलेला स्वर वाडीत प्रथमच मोकळा झाला. संकल्पाच्या ठिकाणी ते थांबले, "येथे आपले नाव आणि गोत्र उच्चारावे," म्हणाले, यजमानाने नाव घेण्याइतका अवकाश सोडला, आणि पुढे निघाले. भ्रमणध्वनीत एक कोंबडा आरवला, दूर कुणीतरी भात कांडीत होते, पागोळ्यांचा ठिबकता नाद होता; यांतले काहीच कुणाच्या मालकीचे नव्हते.

प्राणप्रतिष्ठेच्या तोंडाशी नवशाची शेळी पडवीत आली. तिने दूर्वा पाहिल्या, गुरुजींना पाहिले, आणि दूर्वा निवडल्या. गुरुजींचा सूर तसूभरही न हलता त्यांच्या तोंडून गेले, "शेळी आधी खांबाला बांधून घ्यावी." नवशाने ती दाव्याने खांबाला बांधली. "बांधली? ठीक. आता दूर्वा हाती घ्याव्यात, उजवा हात मूर्तीच्या हृदयाला लावावा," आणि पुढचा मंत्र सुरू झाला. गुरुजींना आपण मध्ये काही बोललो याचे भानही नव्हते. उभ्या आयुष्यात त्यांना ते कधी नव्हते.

मंत्रपुष्प संपले तेव्हा सावल्या लांबल्या होत्या. चिंधीने गुरुजींना कोरा चहा दिला, आणि रिक्षा डोंगर उतरून पळसदरीच्या स्थानकाजवळ आली तसा हर्षलाचा फोन जागा झाला.

"गुरुजी, चढवायच्या आधी इथं विचारतायत, हे सगळं तुमच्या मालकीचं हाय का?"

गुरुजी विचारात पडले. "मंत्र माझे नाहीत. ते कुणाचेच नाहीत. आवाज माझा म्हणायचा, पण तोही वडिलांनी घासून दिलेला."

"हो का नाही ते सांगा हो. दोनच चौकोन हायत."

"हो म्हण."

"दुसऱ्यांना वापरू द्यायचं का?"

"अवश्य. ज्याला हवे त्याने घ्यावे, ज्याला द्यावेसे वाटेल त्याने द्यावे. फक्त एक अट घाल: मधून कापू नये. संकल्पापासून समाप्तीपर्यंत अखंड ठेवावे. लोक आपल्या सोईने मंत्र गाळतात आणि उरलेल्याला पूजा म्हणतात."

तसा पर्याय तिथे होता. हर्षलाने तो निवडला आणि कडावच्या समूहावर दुव्याखाली स्वतःच्या शब्दांत लिहिले: गुरुजींनी सांगितलंय तसंच करायचं, मधलं काहीही सोडायचं नाही. मग ती घरी जाऊन आपल्या वाळूच्या महादेवाच्या पूजेला बसली. दिवे लागायच्या आत कडावातून बुधाजींचा निरोप आला: "आवाज आला. चांगला हाय. कोंबडा पन चांगला हाय."

गुरुजी त्या रात्री शांत झोपले.

चतुर्थीच्या सकाळी, घरच्या गणपतीची पूजा खुर्चीत बसून आटोपल्यावर, त्यांचा फोन वाजला. कडावच्या जनाबाई होत्या, आवाजात घाई.

"गुरुजी, आमच्याकडं शेळी नाय. म्हैस बांधली तर चालंल का?"

गुरुजींना वाटले, चुकून गुरांच्या डॉक्टरांचा फोन आपल्याला लागला. "कशाला बांधायची म्हणता?"

"खांबाला! तुमीच म्हनलात की. मी मशीन थांबवून ठेवलीय, मानसं खोळंबलीत."

त्यांचे उत्तर होण्यापूर्वी दुसरा फोन आला. कडावच्याच नवनाथने विचारले, शेळी काळी हवी की पांढरी. तिसऱ्याने विचारले, स्लॅबच्या घरात खांब नसतो, खिडकीच्या गजाला बांधली तर दोष आहे का. गुरुजींनी विनिताबाईंना हाक मारली, दोघांनी मिळून कालचे ध्वनिमुद्रण लावले, आणि प्राणप्रतिष्ठेच्या तोंडाशी आल्यावर गुरुजींनी आपल्या तोंडून, आपल्या अत्यंत शुद्ध स्वरात, ती आज्ञा प्रथमच ऐकली.

"अगं, मी असे म्हणालो?"

"तुम्ही नेहमीच म्हणता," विनिताबाई डोळे पुसत म्हणाल्या. "माझ्या मंगळागौरीला दूध उतू जातंय हेसुद्धा मंत्रातच सांगितलं होतंत."

आणि मग बुधाजींचा फोन आला, आणि गुरुजींचे हसू मावळले. कारण म्हातारा खरोखर घाबरला होता.

"गुरुजी, घात झाला. शेजारची शेळी आनून मखराच्या खांबाला बांधली. तुमी म्हनलात, दूर्वा हाती घ्या. मी घेतल्या. मूर्तीला हात लावला. तुमचा मंत्र चालला, आन त्या बयेनं मान लांब करून माझ्या हातातल्या दूर्वा खाल्ल्या! पत्री पन खाल्ली अर्धी. आता मला येवढंच सांगा," इथे बुधाजींचा आवाज खाली आला, "परान नक्की कुनात गेलाय? मूर्तीत का शेळीत?"

गुरुजींनी फोन छातीशी धरला. त्यांचे खांदे हलत होते. पण म्हाताऱ्याने आयुष्यात एकदाही त्यांच्या आज्ञेला कारण विचारले नव्हते, आणि आजही ते विचारत नव्हते. एवढ्या विश्वासापुढे हसणे बरे दिसले नसते. त्यांनी घसा साफ केला.

"बुधाजीराव, प्राण मूर्तीतच गेला. आपला हात मूर्तीच्या हृदयावर होता ना? मग तो दुसरीकडे जाईल कसा? आणि ऐका, दोष असेल तर माझा आहे. ती शेळी तुमच्यासाठी नव्हती. मी ठाकरवाडीत बसून म्हणत होतो, तिथे नवशाची शेळी मध्ये आली."

पलीकडे बुधाजींनी ती बातमी घराला सांगितली असावी, कारण एकदम साऱ्या घराचे हसणे फोनमधून दहिवलीच्या ओसरीवर सांडले.

"मंजे आमी उगाच? अख्ख्या गावानं?"

"कितीजणांनी बांधली?"

"ज्यांना घावली त्या सगळ्यांनी. वरच्या आळीत एकच शेळी हाय, ती घरोघर फिरतीय. गळ्यात हार हाय तिच्या, कुंकू लावलंय, प्रत्येक घरी गूळ खातीय. पोरं तर बाप्पा सोडून तिच्याच मागं हायत." बुधाजींना दम लागला. "पन गुरुजी, पूजा झाली नं आमची? का परत करू?"

"झाली. पूर्ण झाली. दूर्वांची नवी जुडी वाहा आणि हात जोडा. उरलेल्या घरांना मी सांगतो."

त्यांनी हर्षलाला बोलावून घेतले. ती मोदकाच्या पिठाचे हात घेऊन आली, घडले ते ऐकून ओसरीच्या पायरीवरच बसली आणि तिला उठवेना. "आता तेवढं कापते आणि परत चढवते," शेवटी ती म्हणाली.

"कापणार कशी? अखंड ठेवावे ही अट मीच घातली आहे."

"तुमचीच अट, तुम्हीच मोडा."

"काल परक्याचा नियम पाळला, आणि आज स्वतःचा मोडू? ते नको. निरोप तेवढा घे." आणि गुरुजींनी फोनसमोर, पूजेच्याच स्वरात, सांगितले: "शेळीचे विधान आवश्यक नाही. जिने पत्री खाल्ली असेल तिच्यामुळे दोष नाही. बांधलेल्या शेळ्या सोडाव्यात, त्यांना चारा-पाणी द्यावे, आणि सर्वांनी प्रसाद घ्यावा."

माध्यान्ह टळण्याच्या आत कडावातल्या शेवटच्या घरातून बाप्पा बसल्याचा निरोप आला. निरोपासोबत छायाचित्र होते: मखरात गणपती, आणि मखराच्या कडेला हार घातलेली एक अत्यंत समाधानी शेळी. तिला सोडले होते. ती जात नव्हती.

गुरुजी पानावर बसले. पहिला मोदक तोंडात घातला तोच फोन पुन्हा वाजला. क्रमांक अनोळखी होता. खालापूरकडच्या एका गावातून हर्षद नावाचा गृहस्थ बोलत होता. वापरायला मुभा होती, म्हणून ध्वनिमुद्रण एका दिवसात घाटाच्या पायथ्याने तिकडे पोचले होते, मागाहून निघालेला निरोप मात्र अजून पोचला नव्हता.

"नमस्कार गुरुजी. फार सुंदर पूजा. सोसायटीत सगळे ऐकायला जमलेत. फक्त एक शंका होती. आम्ही खास वाडीवरनं शेळी मागवलीय, पण आमच्याकडचा खांब लोखंडी आहे. तो चालेल ना?"

गुरुजींनी खरे ते सांगण्यासाठी तोंड उघडले. तेवढ्यात फोनमधून शेळी ओरडली, आणि तिच्यामागून पंधरा-वीस मुलांचा असा काही आनंदाचा कल्लोळ उठला की गुरुजींनी मोदक गिळला, विनिताबाईंकडे पाहिले आणि गंभीर स्वरात म्हणाले,

"लोखंडी चालेल. गाठ मात्र सैल ठेवावी, आणि दूर्वा तिच्यापासून हातभर लांब."